कापसाचा भाव, रुपयाची किंमत आणि बाबासाहेबांची अमेरिका

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर, अकोटच्या वस्त्यावस्त्यांतून व्याख्याने होतात. घटनेचे शिल्पकार बाबासाहेब, महाडचे बाबासाहेब, दीक्षाभूमीचे बाबासाहेब यांवर भरभरून बोलले जाते. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब मात्र पदव्यांच्या यादीपुरतेच येतात. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी. ही अक्षरे आपण अभिमानाने वाचतो, टाळ्या वाजवतो आणि पुढे जातो. त्या पदव्यांच्या मागे कोणता अभ्यास होता, तो कोणत्या काळात आणि कोणत्या देशात झाला आणि त्याचा आपल्या शेतातल्या पऱ्हाटीशी काय संबंध आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. निदान वऱ्हाडात तरी ते सांगितले गेले पाहिजे. कारण अमेरिकेत काय घडते यावर इथला चुलीवरचा तवा तापतो की थंड राहतो, हे गेली दीडशे वर्षे ठरत आले आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. गुलामगिरी ठेवायची की नाही, हा त्याचा गाभा होता. दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर इंग्लंडच्या गिरण्या चालत होत्या. युद्धात ती बंदरे बंद पडली आणि इंग्लंडला हिंदुस्थानचा कापूस आठवला. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला वऱ्हाड तेव्हा कापसाचे कोठार ठरला. भाव कडाडले, ज्वारीच्या जागी कापूस पेरला गेला, १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव कोसळले. शेतकऱ्याच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज राहिले आणि घरातली ज्वारी गेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसे मेली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. गुलामाला मुक्त करणाऱ्या युद्धाने वऱ्हाडातल्या मजुराला भुकेच्या दारात उभे केले. जगाचा बाजार असा चालतो.

याच दशकाच्या आरंभी, १४ एप्रिल १८९१ रोजी, महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. सातारा, मुंबई, एल्फिन्स्टन कॉलेज हा प्रवास चळवळीतल्या लहान मुलालाही पाठ आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बावीस वर्षांचा हा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते वर्ष कोणते होते, याचा आपण नीट विचारच केलेला नाही.

१९१३ हे अमेरिकेच्या अर्थकारणातले मोठे वर्ष होते. फेब्रुवारीत तिथल्या घटनेची सोळावी दुरुस्ती मंजूर झाली आणि मध्यवर्ती सरकारला उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार मिळाला. त्याआधी त्या सरकारचा खजिना मुख्यतः आयातीवरच्या जकातीने आणि मालावरच्या करांनी भरत असे. म्हणजे मीठ-कापड घेणारा गरीबही कर देई आणि कोट्यधीश तेवढ्यावरच सुटे. नव्या कायद्याने तीन हजार डॉलरपर्यंतचे उत्पन्न करमुक्त ठेवले आणि त्यावरच्या उत्पन्नाला चढत्या दराने कर लावला. डिसेंबरमध्ये फेडरल रिझर्व्हचा कायदा झाला. चलन आणि पत यांवर खासगी पेढ्यांऐवजी सार्वजनिक संस्थेचे नियंत्रण असावे, हा त्यामागचा विचार होता. आणि त्याच वर्षी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली. टपाल खात्यात हे झाले, खजिना खात्यातही झाले. न्याय्य कर गोळा करणाऱ्या खात्यातच विटाळ पाळला जात होता. एका वर्षातल्या या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर विसाव्या शतकातल्या अमेरिकेचा सारा इतिहास हाती येतो. पुढे पन्नास वर्षे तो देश असाच चालला. आर्थिक सुधारणा होत गेल्या आणि प्रत्येक सुधारणेच्या दारात कुणाला तरी अडवले गेले.

बाबासाहेबांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन हे उत्पन्नकराचे जगप्रसिद्ध अभ्यासक. त्या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९११ मध्ये निघाला होता आणि अमेरिकेतल्या करसुधारणेच्या चर्चेत त्यांचा शब्द मोलाचा होता. शहरांतल्या कृष्णवर्णीयांना काम आणि निवारा मिळावा म्हणून स्थापन झालेल्या संस्थेचेही ते एक प्रमुख होते. त्याच विद्यापीठात जॉन ड्युई तत्त्वज्ञान शिकवत होते. चार्ल्स बेअर्ड यांनी १९१३ मध्येच अमेरिकेच्या घटनेचा आर्थिक अर्थ लावणारा ग्रंथ प्रसिद्ध करून खळबळ उडवली होती. घटना लिहिणारे लोक कोण होते आणि त्यांची मालमत्ता कशात गुंतलेली होती, हा बेअर्ड यांचा प्रश्न. घटनेकडे असेही पाहता येते, ही चर्चा जिथे रंगली होती तिथे बाबासाहेब शिकत होते. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. त्याशिवाय इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र होतेच. १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहून ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. उरलेले पैसे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेले. सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी तिथे जमवली.

कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, अत्याचारांतून सुटून आलेले कृष्णवर्णीय त्याच वर्षांत हार्लेममध्ये वस्ती करू लागले होते. विद्यापीठात बाबासाहेबांना कुणी जात विचारली नाही. सर्वांबरोबर एका टेबलावर जेवता येते, हा अनुभव त्यांना आयुष्यात प्रथम तिथेच मिळाला. पण ज्या देशाने त्यांना माणूस म्हणून वागवले, तो आपल्याच एका समाजाला तसे वागवत नव्हता. गुलामगिरी जाऊन पन्नास वर्षे झाली होती. घटनेत तेरावी, चौदावी, पंधरावी दुरुस्ती होती. तरीही दक्षिणेतला कृष्णवर्णीय शेतमजूर बटईने जमीन कसत होता, दुकानदाराच्या वहीत अडकला होता आणि मतदानाला गेला तर मार खात होता. कायद्याने दिलेले हक्क जमीन आणि पैसा हाती नसेल तर कागदावरच राहतात, हे अमेरिकेच्या इतिहासात ठळक लिहिलेले होते. बाबासाहेबांच्या पुढच्या लिखाणात अमेरिकेतल्या या समाजाचा इतिहास वारंवार येतो. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते आणि विद्वान डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय यांना पत्र पाठवून संयुक्त राष्ट्रांपुढे त्या समाजाने मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली होती आणि द्यु बॉय यांनी उत्तरही दिले होते.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने परत आले. बडोद्यात जे झाले ते सर्वांना माहीत आहे. एवढा शिकलेला माणूस राहायला जागा मिळेना म्हणून झाडाखाली बसला. १९१८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतीवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच वेगळा मांडला. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीवर लावायला भांडवल, अवजारे किती आहेत यावर ठरते. देशात जमिनीवर नको तितकी माणसे लादली गेली आहेत. त्यांना कारखानदारीत काम द्या, मग शेतीही सुधारेल. दोनच वर्षांनी, १९२० च्या जनगणनेत, अमेरिकेत शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येपेक्षा प्रथमच जास्त भरली. सालदारकीत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या आपल्या माणसांना गाव सोडून शहराकडे चला, असे बाबासाहेब सांगत. त्यामागे गावातल्या जातीचा जाच होताच आणि हे अर्थशास्त्रही होते.

मग आले रुपयाचे प्रकरण. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाचा प्रश्नही अमेरिकेपासून तुटलेला नव्हता. १८७३ मध्ये अमेरिकेने चांदीच्या डॉलरची मुक्त टांकसाळ बंद केली. जर्मनीने आधीच सोने धरले होते. चांदीचा भाव घसरू लागला आणि चांदीचा रुपयाही घसरला. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. तेव्हा सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या आणि रुपयाची किंमत स्वतःच्या हाती घेतली. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये तर हिंदुस्थानात चांदी इतकी कमी पडली की अमेरिकेने आपल्या खजिन्यातले चांदीचे डॉलर वितळवून वीस कोटी औंस चांदी इकडे विकली. वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या गाठीला बांधलेल्या रुपयात अमेरिकेची चांदी असण्याचे ते दिवस होते.

हा ग्रंथ म्हटला की आपण लगेच रिझर्व्ह बँकेचे नाव घेतो. पण त्या ग्रंथातला मूळ प्रश्न समजून घेणे जास्त गरजेचे आहे. रुपया घसरला की परदेशी माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला जास्त रुपये मिळतात. देशाचा फायदा झाला असे तो सांगतो. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? रुपया घसरला की वस्तूंचे भाव वाढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. मजुराच्या हाती तेवढेच रुपये येतात आणि त्यांत कमी धान्य मिळते. व्यापाऱ्याचा नफा हा मजुराच्या ताटातून गेलेला घास असतो. अकोल्याच्या जिनिंग फॅक्टरीत सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही, ते ती रोज भोगत होती. बाबासाहेबांनी ते अर्थशास्त्राच्या भाषेत जगातल्या नामवंत पंडितांसमोर मांडले. केन्स यांच्यासारखा विद्वान १९१३ मध्ये ज्या चलनपद्धतीची भलावण करत होता, तिच्यावर त्यांनी सरळ टीका केली. चलन वाढवण्याची मोकळीक सरकारच्या मर्जीवर सोडू नये, तिला नियमाची वेसण असावी, हे त्यांचे म्हणणे. १९२५ च्या डिसेंबरमध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी हीच भूमिका घेतली.

१९२५ मध्येच ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध लंडनमध्ये छापून निघाला. त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती. केंद्राने किती घ्यावे आणि प्रांतांना किती द्यावे, हा अमेरिकेसारख्या संघराज्यालाही छळणारा प्रश्न. गुरूने दिलेली करव्यवस्थेची कसोटी शिष्याने लगेच वापरली. १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी जमीन महसुलाचा अन्याय दाखवला. ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नावर उत्पन्नकर नाही, पण शेतसारा मात्र अर्ध्या एकराच्या धन्यालाही भरावा लागतो. पीक येवो न येवो, पट्टी चुकत नाही. करांचे ओझे माणसाच्या ऐपतीप्रमाणे असावे, हा अमेरिकेत नुकताच जिंकलेला विचार ते इथल्या शेतकऱ्यासाठी मागत होते.

१९२७ हे वर्ष आपण महाडच्या चवदार तळ्यासाठी स्मरतो. त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबियाची पीएच. डी. पदवी त्यांना रीतसर मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये ते अमरावतीला आले. १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. विषय होता अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे सवर्ण पुढारीही त्या लढ्याच्या पाठीशी होते. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम मुंबईत वारल्याची बातमी आली. ते दुःख मनात ठेवून त्यांनी वऱ्हाडच्या लोकांचे काम पुरे केले. जगातल्या एका थोर विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा डॉक्टर, आणि त्याला देवळाच्या पायरीचा प्रश्न हाती घ्यावा लागत होता. हा अपमान एका माणसाचा नव्हता. ज्या बुद्धीने देशाचे चलन आणि कर दुरुस्त करायचे, तिला जातिव्यवस्थेने उंबरठ्यावर अडवून ठेवले होते. त्यात नुकसान देशाचे झाले.

१९३१ च्या डिसेंबरात, दुसऱ्या गोलमेज परिषदेनंतर, ते लंडनहून काही दिवसांसाठी पुन्हा अमेरिकेला गेले. १९१६ मध्ये त्यांनी सोडलेली अमेरिका भरभराटीची होती. आताची अमेरिका महामंदीत बुडाली होती. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, १९३३ पर्यंत कामकऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार झाला. १९३१ च्या हंगामात तिथे कापसाचा भाव पाउंडाला सहा सेंटांच्या खाली गेला. इकडे वऱ्हाडातही कापूस मातीमोल झाला आणि सावकारांच्या दारात रांगा लागल्या. बाजार आपोआप सगळे ठीक करतो, हे पोथीतले तत्त्व त्या चार वर्षांत जगासमोर उघडे पडले.

१९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि ‘न्यू डील’ आले. सरकार अर्थव्यवस्थेत उतरले. टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणे, वीज, पूरनियंत्रण यांसाठी स्वतंत्र महामंडळ झाले. १९३५ मध्ये कामगारांना संघटित होण्याचा हक्क देणारा वॅग्नर कायदा आणि म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचा सामाजिक सुरक्षा कायदा झाला. १९३८ मध्ये किमान वेतन आणि कामाचे तास ठरले. जगाने या कायद्यांची वाहवा केली आणि ती योग्यच होती. पण या तिन्ही कायद्यांतून शेतमजूर वगळले होते. पहिल्या दोन्हींतून घरकामगारांनाही वगळले होते. दक्षिणेतले जमीनदार काँग्रेसमध्ये बळकट होते आणि कृष्णवर्णीयांची मोठी संख्या याच दोन कामांत होती. कापसाचा भाव वाढावा म्हणून १९३३ मध्ये सुमारे एक कोटी एकरांवरचे उभे पीक नांगरून टाकायला लावले. त्याची भरपाई जमीनमालकाच्या हाती गेली आणि बटईने कसणारा माणूस बायकामुलांसह रस्त्यावर आला. टेनेसी खोऱ्यात वसवलेल्या नॉरिस या आदर्श गावात कृष्णवर्णीयांना घर नव्हते. १९१३ मध्ये जे दिसले तेच १९३३ नंतरही दिसले. योजना चांगली असते, पण तिच्या यादीत कुणाचे नाव घ्यायचे हे वरचे लोक ठरवतात.

बाबासाहेबांच्या पुढच्या वीस वर्षांच्या कामाकडे या नजरेने पाहिले तर त्याचा अर्थ उलगडतो. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये कोकणातली खोती रद्द करणारे विधेयक मांडले, म्हणजे कसणाऱ्याला आधी हात दिला. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झाले आणि त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मजूर खात्याकडे तेव्हा वीज आणि पाटबंधारेही होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला. केवळ बंधारे घालून पूर अडवावा, असा जुना विचार होता. बाबासाहेबांनी टेनेसी खोऱ्याचा नमुना पुढे ठेवला. पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करणारी योजना त्यांच्या खात्याने उभी केली. टेनेसीत काम केलेले अभियंता व्हूरडुइन त्यासाठी आणले गेले. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झाले. आज अप्पर वर्धा धरणाचे पाणी शेताला द्यायचे की औष्णिक वीज प्रकल्पाला, यावरून अमरावती जिल्ह्यात जे रण माजले होते ते आठवावे. पाण्यावर आधी हक्क कुणाचा, हा प्रश्न नदीचा असतो तसाच राज्यसत्तेचाही असतो.

मजूरमंत्री म्हणून त्यांनी रोजगार विनिमय केंद्रे, खाण कामगारांचे कल्याण निधी, कामगार आरोग्य विम्याची तयारी, आठवड्याचे ४८ तास ही कामे केली. यातले सर्वांत मोलाचे पाऊल किमान वेतनाचे. १९४६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. त्यातून १९४८ चा कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात शेतीकाम आले. अमेरिकेतल्या शेतमजुराला किमान वेतनाच्या कायद्यात जागा मिळायला १९६६ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्याला अमेरिकेने यादीबाहेर ठेवले होते, त्या निंदण-खुरपण करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या माणसाचे नाव आपल्या कायद्यात अठरा वर्षे आधी आले. अंमलबजावणी किती झाली हे वेगळे दुखणे आहे. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या वेतन संहितेत विलीन झाला. त्यात आपल्या शेतमजुराचे काय झाले आणि काय होणार, हे कार्यकर्त्यांनी आता डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

१९४७ मध्ये घटना समितीसाठी त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हा मसुदा लिहिला. महत्त्वाचे उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी मिळावी, अशी त्याची मांडणी होती. आणि हे सारे घटनेतच लिहावे, म्हणजे येणारे सरकार ते बदलू शकणार नाही. ज्याचे पोट दुसऱ्याच्या हातात आहे, तो आपले मूलभूत हक्क वापरू शकत नाही, हे त्यामागचे सूत्र होते. याच मसुद्यात त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला. त्यातला १८७५ चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये मोडीत काढला होता. घटना सरकारला बांधते, खानावळवाल्याला किंवा नाटकगृहाच्या मालकाला नाही, असा तो निकाल. एका निकालाने लाखो माणसे पाऊण शतक दाराबाहेर राहिली.

म्हणूनच आपल्या घटनेचे पंधरावे कलम पुन्हा एकदा वाचावे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांत कुणालाही अडवता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. हे बंधन सरकारपुरते नाही, खासगी माणसालाही आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता कुणीही पाळली तरी गुन्हा ठरवली. तेविसाव्या कलमाने वेठबिगार कुणाच्याही दारात बंद केली. अमेरिकेतल्या पळवाटा घटना समितीसमोर होत्या आणि आपल्या घटनेने त्या लिहिताना बुजवल्या. अमेरिकेत खानावळ आणि नाटकगृहाचे दार कायद्याने उघडले ते १९६४ मध्ये, आपल्याकडे २६ जानेवारी १९५० ला. राज्यसमाजवादाची त्यांची योजना मात्र घटनेत जशीच्या तशी आली नाही. तिचा काही अंश मार्गदर्शक तत्त्वांत राहिला. राजकीय समता मिळाली आणि आर्थिक समता बाहेरच राहिली, हा धोका त्यांनी स्वतःच घटना समितीत बोलून दाखवला होता.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्मान्य पदवी दिली. त्या दिवशीही अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या होत्या. ती वेगळी व्यवस्था घटनाबाह्य ठरली ती १९५४ च्या मे महिन्यात. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने आपल्या देशासाठी अशी घटना घडवून नेली होती की जिच्यातून त्याला शिकवणाऱ्या देशानेही काही शिकावे. चार वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. वऱ्हाडातून बायाबापड्या पांढरी वस्त्रे नेसून, भाकरी बांधून, मिळेल त्या गाडीने गेल्या. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. बाबासाहेबांच्या अर्थविचाराची ती थेट पुढची पायरी होती.

त्यानंतर आपली चळवळ इतर अनेक प्रश्नांत गुंतली आणि हा धागा सैल झाला. वऱ्हाडाची अमेरिकेशी बांधलेली गाठ मात्र सुटली नाही. अमेरिकेने आपल्या कापूसवाल्यांना दिलेल्या प्रचंड अनुदानांनी जगाचा भाव पाडला. ब्राझीलने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २००५ मध्ये तो जिंकला. पण तोवर विदर्भातल्या कित्येक शेतकऱ्यांनी जीव दिला होता. २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात कर्जावरचे व्याज, सिंचन, बियाणे यांची सोय होती. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, जो मक्त्याने शेत करतो किंवा दुसऱ्याच्या धुऱ्यावर राबतो, त्याने विष घेतले तर तो शेतकरी आत्महत्येच्या मदतीत बसेना. शेतात राबणारी बाई तर त्याहून मागे, कारण तिच्या नावावर जमीन क्वचितच असते. १९३३ ची अमेरिका पुन्हा आपल्या दारात उभी होती. पैसे मालकाच्या खात्यात गेले आणि मजूर यादीबाहेर राहिला.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर पन्नास टक्क्यांवर नेला. कापडगिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून आपल्या सरकारने परदेशी कापसावरचा अकरा टक्के आयातकर त्याच महिन्यात उठवला आणि ती सूट पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे इकडे पऱ्हाटीला बोंडे फुटत होती आणि तिकडे बाहेरच्या गाठी बंदरात उतरत होत्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी ८,११० रुपये क्विंटल जाहीर झालेला होता. तो भाव मिळण्यासाठी सातबारा लागतो, नोंदणी लागते, खरेदी केंद्राच्या रांगेत थांबण्याची ऐपत लागते. घरात किराणा संपलेला माणूस व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. त्याच्या शेतात वेचणीला आलेल्या मजुराची तर या साऱ्या व्यवहारात कुठे नोंदच नसते.

बाबासाहेब असते तर काय म्हणाले असते, हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्यांनी आयुष्यभर कोणता प्रश्न विचारला, हे त्यांच्या ग्रंथांत, भाषणांत, कायद्यांत स्पष्ट आहे. रुपया घसरला तर कुणाच्या ताटातले कमी होते? कर लागला तर कुणाच्या ऐपतीबाहेर लागतो? धरण झाले तर पाणी कुणाच्या शेतात जाते? कायदा झाला तर कोण बाहेर राहते? अमेरिकेच्या अर्ध्या शतकाच्या इतिहासाने त्यांना हे प्रश्न दिले आणि त्यांनी ते इथे वापरले. घटनेचे कलम आणि बाजाराचा भाव हे त्यांच्या दृष्टीने एकाच वहीतले दोन हिशोब होते.

आपल्या वस्त्यांतल्या वाचनालयांत शासनाने छापलेले बाबासाहेबांचे खंड काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात. त्यातला अर्थशास्त्राचा सहावा खंड तर कोराच्या कोरा. येत्या हंगामात प्रत्येक तालुक्यातल्या चार शिकलेल्या पोरापोरींनी तो खंड बाहेर काढावा. त्याच्या शेजारी आपल्या गावाची मजुरीची यादी ठेवावी. वेचणीचा किलोमागचा दर, सालदाराचे साल, बचत गटाच्या कर्जाचे व्याज, हमीभाव मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची नावे, सगळे लिहून काढावे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि अमरावतीचे विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहेत, तिथल्या आपल्या प्राध्यापकांना ही यादी दाखवून प्रश्न विचारावेत. ज्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत, ती आधी लिहावीत. बाबासाहेबांचा अभ्यास तिथूनच सुरू होत असे.